उघडं घरटं

हसतेस काय, ओद्नी? पुढच्या महिन्यापासून पाहुण्यांना पक्षी दाखवायला तूच गाडी नेणार, म्हणून तुलाच सांगतोय. बाहेर अंधार पडलाय, कुठं जायचंय तुला? कॉफी ओत आणि ऐक.

केटिल माझा मित्र. उत्तर किनाऱ्यावर, थिजलेला लाव्हा जिथं समुद्रात उतरतो तिथं, तोही हेच काम करायचा. जागा म्हाताऱ्या स्टेनवोरची; बारा महिने तपकिरी लोकरी स्वेटर, उजवा खांदा झुकलेला. आयडर बदकं तिच्या दगडांच्या आडोशाला घरटी करायची. छातीची लव उपटून अंड्यांखाली घालायची. ती लव गोळा करून, विकून म्हातारी जगली. केटिलला तिनं एकाच अटीवर आत सोडलं होतं.

"सावकाश उठलेली बदकीण अंडी झाकून जाते. दचकून उडालेलीला तेवढा वेळ कुठला? तू उडवलीस तर झाकायचं तूच. काय?"

"झाकीन गं म्हातारे."

"हसू नकोस. हात दे."

त्यानं हात दिला.

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात म्हातारी गेली. जूनमध्ये एका पर्यटन कंपनीनं केटिलबरोबर चार फोटोवाले पाठवले. या कंपन्यांना पक्ष्याशी काही देणंघेणं नसतं, फोटोशी असतं. मी हे पेपरात छापलं तेव्हा मलाच खडूस म्हणाले. असो. बदकीण फडफडून उडाली. एक जण म्हणाला, "ती लव जरा बाजूला कर ना, अंड्यांचा हिरवा रंग दिसू दे."

केटिलनं केली.

तेवढ्यात बर्फाळ पाऊस सुरू झाला. सगळे गाडीकडे पळाले. केटिलही पळाला.

घरी बायको, ल्योतुन, चार महिन्यांच्या पोरीला घेऊन बसली होती. "उडाली का एखादी?"

"एक."

"झाकलंस ना?"

"झाकलं गं! आता काय लिहून देऊ?"

ती पोरीला पाळण्यात ठेवायला उठली. केटिलला मात्र जेवण गेलं नाही.

सहा जून, शनिवारची रात्र. साडेबारा वाजले होते. त्या दिवसांत तिकडे अंधार होतच नाही, सगळं दुधट दिसतं. ल्योतुन आत झोपलेली, पाळणा पुढच्या खोलीत. केटिल पाय न वाजवता निघाला, गाडी घेऊन किनाऱ्याकडे. दार नीट लागलं की नाही, हे पाहायचं भान त्याला नव्हतं.

पाऊस थांबला होता. वारा नव्हता. एकही पक्षी ओरडत नव्हता. जूनमध्ये, त्या किनाऱ्यावर... एकही नाही.

पुढं कोणीतरी चाललं होतं. वाकून. एका घरट्यापाशी थांबायचं, हात फिरवायचा, पुढं जायचं.

तपकिरी लोकरी स्वेटर. उजवा खांदा खाली झुकलेला.

"कोण आहे?"

ती वळली नाही. शेवटच्या घरट्यापाशी गुडघे टेकले तिनं. *त्या* घरट्यापाशी.

"स्टेनवोर... मी झाकणारच होतो..."

हात थांबला.

मग... तिथं कोणीच नव्हतं.

केटिल धावत गेला. घरटं उघडंच होतं. अंडी चार. दगडासारखी गार. आणि लव... त्यानं स्वतः बाजूला केलेली लव... तिथं नव्हती.

परत निघाला तोवर वारा-पाऊस पुन्हा सुटला होता; गाडी कशी हाकली, त्याला आठवत नाही. घराचं दार सताड उघडं. पुढच्या खोलीत वाऱ्यानं पडदा उडत होता. पोरीची दुलई जमिनीवर, पाण्यात भिजलेली.

पाळण्यात बघायला... त्याचा पाय उचलेना.

पोरगी झोपली होती. गाल लाल, अंग ऊबदार. गळ्यापासून पायापर्यंत राखाडी लव. कडा बोटांनी दाबून बसवलेल्या, वाऱ्यानं एक तूस हलू नये अशा.

...

हो, ओद्नी, पोरगी छान आहे. धावते आता. केटिलनं मात्र परत कुणाला तिकडे नेलं नाही. ल्योतुनला त्यानं सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तिनं तुझ्या पोरीला झाकलं, केटिल."

लव त्यांनी एका डब्यात ठेवलीय. गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो, बाहेर गोठवणारी थंडी. डबा बिनशेगडीच्या ओसरीत. मी झाकण काढलं, हात घातला.

अजून कोमट आहे.