राजवाड्यातले सात खडे

मुलाकडे सिंगापूरला राहायला आल्यापासून सुरेखाताईंच्या गौरी दोन वर्षं हुकल्या होत्या. त्यांच्याकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून सात खडे आणायचे आणि आणताना बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. सेम्बावांगच्या फ्लॅटखाली पाणी होतं ते सिमेंटच्या नाल्यातलं, आणि समुद्रकाठी नुसती वाळू. सून नीलिमानं शोभेच्या माशांच्या दुकानातून खडे आणले, तर त्या म्हणाल्या, "अगं, गौर काय पाकिटातून येते?" जिथे गौर येत नाही ते घर आपलं कसं म्हणायचं, हेच त्यांना खात होतं.

२००६च्या ऑगस्टमध्ये मुलानं, प्रबोधनं, सगळ्यांना क्योटोला नेलं. तिथला सम्राटांचा जुना राजवाडा बघायला आधी परवानगी काढावी लागे, आणि पाहुण्यांच्या घोळक्यामागून एक रखवालदार चाले. आवारभर खडी पसरलेली, पावलागणिक करकर वाजणारी. सुरेखाताई लहान मुलीसारख्या खूश होत्या. रिकामी दालनं बघून मात्र हळहळल्या, "एवढं मोठं घर, आणि राहायला कोणी नाही? यायचं की आमच्याकडे!"

मग बाग आली. तळं, कमानीचा पूल, आणि काठावर गुळगुळीत वाटोळे खडे. सुरेखाताईंना मोह आवरेना. चप्पल नीट करायला म्हणून वाकल्या आणि सात खडे पदराच्या गाठीत बांधले. आता बोलायचं नाही, मागे बघायचं नाही.

थोडं चालल्यावर मागे करकर ऐकू आली. रखवालदार असेल म्हटलं, तर तो पुढे फाटकाशी उभा. पावलं बारकी, सावकाश... जड रेशीम खडीवरून ओढत यावं तशी. त्या थांबल्या की थांबायची. जुन्या लाकडाचा, धुपाचा वास आला.

"आई, बरं वाटत नाही का?" नीलिमानं विचारलं.

घामाघूम सुरेखाताईंनी नुसती मान हलवली. फाटकाशी रखवालदारानं त्यांच्या खांद्यामागे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, आणि तो कमरेत पार खाली वाकला.

गौरीच्या दिवशी नीलिमानं दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढली. सुरेखाताई लिफ्टपासून ताम्हनात खडे घेऊन निघाल्या.

"गौर आली?" नीलिमानं थाळी वाजवत विचारलं.

"आली, सोन्याच्या पावलांनी आली!" प्रबोध ओरडला.

लादीवर, त्यांच्या मागे, खडी वाजली... करकर, करकर. सुरेखाताईंच्या डोळ्यांतून आनंदाचं पाणी वाहत होतं. आली, माझ्या घरी आली!

दोन दिवस घर गजबजून गेलं. घावन-घाटलं, हळदीकुंकू, बायकांची थट्टामस्करी. सुरेखाताई तर वीस वर्षांनी लहान झाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी सेम्बावांगच्या किनाऱ्यावर साती खडे समुद्रात सोडून सगळे गाणी गुणगुणत परतले.

दार उघडून नीलिमा तिथेच थबकली.

"आई... मी पावलं देवापर्यंतच काढली होती ना?"

कुंकवाची पावलं देवापाशीच संपत होती. तिथून ओली, बारकी पावलं सुरेखाताईंच्या खोलीत गेली होती. बाहेर येणारं एकही नव्हतं.

खडे तर समुद्रात गेले होते. पाहुणीनं आता परत जायचं तरी कशानं?

सुरेखाताईंना राजवाड्यातलं आपलंच बोलणं आठवलं: यायचं की आमच्याकडे! त्यांनी पदर सावरला.

"नीलिमा, आजपासून एक पान जास्त मांड."

खोलीतून हलकेच करकर ऐकू आली.