टपालरावाचे लाल पंजे

“धर! धर त्याला! अगं, टॉवेल टाक अंगावर!”

पेन्सिल ओरडत होता, बटण टॉवेल घेऊन जिन्यावरून धावत होती आणि दोघांच्या मागे शेपूट धापा टाकत होता. पेन्सिल म्हणजे बटणचा मोठा भाऊ, उंच आणि काडीसारखा. शेपूट समोरच्या घरातला, सहा वर्षांचा. ही दोघं जिथं जातील तिथं हा मागे, म्हणून शेपूट. आणि ज्याच्यासाठी ही सगळी धावपळ, तो बटणचा राखाडी बोका, टपालराव! रोज सकाळी तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत प्रत्येक दारापुढे जायचं, एकदा ‘म्याव’ करायचं आणि पुढचं दार गाठायचं, हा त्याचा शिरस्ता. सुट्टी त्याला ठाऊकच नव्हती.

दुसऱ्या मजल्यावर टपालराव आपणहून थांबला. तोंडातून लाळ गळत होती. पोट आतबाहेर झालं आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्यानं सकाळचा नाश्ता परत केला.

नेमके तेव्हाच सेक्रेटरी काका वरून उतरले! काका एकटेच राहायचे आणि इमारतीची स्वच्छता हाच त्यांचा संसार होता. रोज जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवून धूळ बघायचे. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत.

“पुन्हा? परवा झालं, आज पुन्हा!” काका कडाडले. “तुमच्या आईला सांगून ठेवलंय मी. रविवारपर्यंत हा बोका इमारतीबाहेर गेला पाहिजे!”

“काका, तो आजारी आहे हो!” बटणचा आवाज रडवेला झाला.

“मग मामाकडे पाठवा. तिथं काय ओकायचं ते ओकू दे!”

मामा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचा. टपालराव पिल्लू असल्यापासून बटणच्या पायाशी झोपत आला होता. त्याच्याशिवाय घर ही कल्पनाच तिला सहन होईना.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी टपालरावाचे पंजे उलटेपालटे करून पाहिले, तोंड उघडलं, मग ते पंजे कोमट पाण्यानं स्वच्छ धुतले.

“पंजे लाल, जीभही लाल,” त्या म्हणाल्या. “हा कशावर तरी चालतोय आणि मग पंजे चाटतोय. औषध देते मी, पण ते ‘कशावर’ शोधलं नाहीत तर औषधाचा काही उपयोग नाही. तोवर याला घराबाहेर सोडू नका.”

घरी आल्यावर बटण थेट भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभी राहिली. टपालराव ज्या दिवशी आजारी पडला, त्या प्रत्येक दिवसावर तिनं फुली मारून ठेवली होती.

“सोमवार, बुधवार, शुक्रवार. पुन्हा सोमवार, आणि आज बुधवार,” तिनं बोट फिरवलं. “मंगळवारी एकदासुद्धा नाही!”

“बोक्याची शिकवणी असेल त्या दिवशी,” पेन्सिल म्हणाला.

“गप रे! सोमवार, बुधवार, शुक्रवार काय असतं आपल्याकडे?”

“मावशी जिना पुसतात!” शेपूट ओरडला. सगळे त्याच्याकडे बघतच राहिले. शेपटालाही डोकं होतं तर!

तिघं धावत सफाईवाल्या मावशींकडे गेले. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “फिनेल? बादलीला एक झाकण. वर थेंबसुद्धा नाही! वीस वर्षं पुसतेय मी. तुम्ही काल जन्मलात आणि मला विचारताय!”

मावशी खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. मग पंजे लाल होतात कसे?

शुक्रवारी सकाळी तिघं जिन्याखाली, सायकलींच्या मागे दबा धरून बसले. टपालराव घरात कोंडलेला. त्याचं निषेधाचं ओरडणं खालपर्यंत ऐकू येत होतं.

मावशींनी बादली ठेवली, एक झाकण फिनेल ओतलं आणि झाडू मारायला त्या चौथ्या मजल्यावर गेल्या. खरंच एक झाकण!

“संपलं. मावशी निर्दोष,” पेन्सिल कुजबुजला.

तेवढ्यात चपला वाजल्या. सेक्रेटरी काका! त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, बादलीवर वाकले आणि जोरात श्वास घेतला.

“छे! नुसतं पाणी!” ते पुटपुटले आणि त्यांनी फिनेलचा कॅन सरळ बादलीत उलटा धरला. घळघळ घळघळ! पुन्हा हुंगलं. “अजूनही वास नाही! भेसळ करतात मेले.” पुन्हा घळघळ! तिसऱ्यांदा ओतून ते निघून गेले.

सायकलींमागे तिघांचे डोळे चुरचुरत होते. शेपटानं नाक शर्टात खुपसलं होतं.

“इतका वास, आणि काका म्हणतात वासच नाही?” पेन्सिल डोळे पुसत म्हणाला.

बटण ताडकन उठली. “फिनेल बरोबर आहे रे. काकांचं नाक बिघडलंय!”

बटणनं आधी बादली मोरीत रिकामी केली. मावशींना म्हणाली, “आज साध्या पाण्यानं पुसा. का ते उद्या सांगते!”

“मग काकांना आजच सांगू या की!” शेपूट म्हणाला.

“ऐकतील ते? उलट आपणच मार खाऊ,” पेन्सिल म्हणाला. मग तो हसला. “त्यांचं नाकच सांगेल. माझा फुटबॉलचा मोजा आहे ना? तीन आठवडे धुतलेला नाही!”

शनिवारी संध्याकाळी अंगणात मुलांनी खेळ मांडला, ‘ओळखा वास’! मोठी माणसं कौतुकानं जमली. डोळ्यांवर पट्टी बांधून आईनं कॉफी ओळखली, मावशींनी साबण ओळखला.

“आता काका!” सगळे ओरडले. काका ऐटीत खुर्चीवर बसले. पेन्सिलनं चिमट्यात धरलेला मोजा त्यांच्या नाकाशी नेला. पहिल्या रांगेतली माणसं मागे सरकली.

काकांनी दीर्घ श्वास घेतला. “गुलाब!”

हास्याचा असा स्फोट झाला! मावशी तर जमिनीवरच बसल्या. काकांनी पट्टी काढली, मोजा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. हसणं हळूहळू थांबलं. बटणला वाटलं होतं, जिंकल्यावर फार मजा येईल. पण काकांकडे बघून तिनं पेन्सिलला मोजा लपवायची खूण केली.

ती त्यांच्याजवळ गेली. “काका, काल बादलीचाही वास आला नव्हता ना तुम्हाला? तुम्ही तीनदा फिनेल ओतलंत. टपालराव त्यावरून चालतो आणि पंजे चाटतो. मांजरांना ते विषासारखं असतं.”

“तरीच!” मावशी उसळल्या. “दोन आठवडे माझे हात सोलताहेत. मला वाटलं, नवं फिनेलच उग्र आलंय!”

काकांनी हातातल्या पट्टीची घडी घातली.

“थंडीत सर्दी झाली होती,” ते म्हणाले. “तेव्हापासून कशालाच वास नाही. मला वाटलं, वय झालं. कुणाला काय सांगायचं? जिना घाण आहे असं कुणी म्हणू नये, म्हणून ओतत गेलो.”

“आम्हाला सांगायचं की!” शेपूट म्हणाला. “आमच्याकडे तीन नाकं आहेत!”

आता काकाही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आईनं सोमवारीच त्यांना नाकाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं आणि मावशींनी फिनेलचा कॅन आपल्या ताब्यात घेतला. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सगळं ऐकलं. म्हणाल्या, “शाब्बास! मला कारण सापडलं नसतं. आता साबणाच्या पाण्यानं पुसा, आणि फरशी कोरडी झाल्याशिवाय रावसाहेबांना सोडू नका!”

पुढच्या बुधवारी सकाळी जिना पुसून झाला. टपालराव दाराशी बसून ओरडत होता. बटणनं दार किलकिलं करून पाहिलं, तर सेक्रेटरी काका गुडघ्यांवर बसून स्वतःच्या टॉवेलानं एकेक पायरी कोरडी करत खाली येत होते.

“सोड ग त्याला,” ते म्हणाले. “चौथ्या मजल्यापर्यंत रस्ता मोकळा आहे. आठवडा झाला, माझ्या दाराशी कुणी आलेलं नाही.”

बटणनं दार उघडलं. टपालराव शेपटी उभारून निघाला, काकांच्या हाताला एकदा अंग घासलं आणि पहिल्या दारापुढे जाऊन म्हणाला, “म्याव!”