त्रिशलाची पट्टी

"दिवस मावळायला आलाय, जेवून घ्या," भिंतीवरचा बोलणारा डबा त्रिशलाच्या आवाजात म्हणाला आणि जिनदत्त मगदूम रोजच्यासारखा "आलो, आलो" करत उठला. त्याची बायको त्रिशला जाऊन बरीच वर्षं झाली होती. इचलकरंजीतल्या त्या दोन खोल्यांत बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे डब्याला उत्तर देण्यात त्याला काही वावगं वाटत नसे. वावगं वाटलं ते राजमतीला. त्रिशलाची ही धाकटी बहीण एका लग्नासाठी हुबळीहून आली होती आणि एक दिवस दाजींकडे टेकली होती. तिनं हातातली वाटी खाली ठेवली.

"दाजी, हे कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? तुझी बहीण."

"ताई अशी कुठं बोलायची? ताईचा आवाज घोगरा होता. ही कुणीतरी गोडबोली बाई आहे."

जिनदत्त भडकला. "चाळीस वर्षं संसार मी केला. माझ्या बायकोचा आवाज तू मला शिकवू नकोस." राजमती सकाळच्या गाडीनं निघून गेली. तिचं बोलणं मात्र घरात राहिलं. आता डबा बोलला की जिनदत्त कान टवकारायचा. म्हातारपणी बायकोवर संशय घेतोय असं वाटून त्याची त्यालाच लाज वाटायची.

पण खात्री करायची कशावरून? जुन्या आवाजांचं आपण काय करून ठेवलंय हे काय कुणाला सांगायला हवं? 'निर्मळ' नावाचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा सगळे नाचलेच होते. बोलण्यातली खरखर, धाप, मागचा गोंगाट काढून टाकायचा आणि उरलेल्यातून माणसाचा आवाज नव्यानं घडवायचा, हे त्याचं काम. आधी ते फोनात आलं, मग टीव्हीत, मग प्रत्येक कर्ण्यात. लोकांनी कॅसेटी, लग्नाचे व्हिडिओ, सगळं हौसेनं त्यातून काढून घेतलं आणि मूळ माल भंगारात घातला. सोय म्हटली की अक्कल गहाण टाकायला आपल्याला वेळ लागत नाही. जिनदत्तनंही तेच केलं होतं; डब्यातला आवाज त्यातूनच घडला होता.

फक्त माळ्यावरचा सॅम्पलर तेवढा सुटला होता. तरुणपणी जिनदत्त ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, तेव्हाचं ते यंत्र. कुठलाही आवाज काही क्षण टिपायचा आणि मग तोच कीबोर्डाच्या हव्या त्या पट्टीवर वाजवायचा, एवढीच त्याची करामत. कोरसला बायका परवडायच्या नाहीत म्हणून त्यानं त्रिशलाचा 'आ' त्यात भरून ठेवला होता. सॅम्पलर बंद केला की सगळं विसरायचा, म्हणून आवाज वेगळ्या डिस्कवर ठेवायचे. ती डिस्क जोडीलाच होती. जिनदत्तनं दोन्ही रिक्षात घातलं आणि बशीर मोमीनकडे नेलं.

बशीरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान कधीच बंद झालं होतं, पण दुकानातला माल घरात होता आणि त्यावरून बायकोची बोलणी खाणं हा त्याचा नित्यनेम होता. त्यानं डिस्क कानाशी धरून हलवली.

"जिवंत आहे का?" जिनदत्तनं विचारलं.

"आधी नक्कल काढू, मग रडू," बशीर म्हणाला.

त्यानं पिवळा पडलेला एक जुना कॉम्प्युटर काढला आणि जाड केबलीनं डिस्क आणि सॅम्पलर त्याला ओळीनं जोडले. कॉम्प्युटरला डिस्क दिसेना. जिनदत्तचा चेहरा पडला. बशीरनं डिस्क आणि सॅम्पलर उलटे करून मागची बारकी बटणं पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अरे, एका गल्लीत दोघांना एकच घरनंबर दिलाय. टपाल कुणाकडं जाणार?" त्यानं नंबर बदलला. तरी मेळ लागेना. या जुन्या जोडणीत ओळीच्या शेवटच्या यंत्राला एक टोपण लावावं लागतं, नाहीतर गेलेला संदेश टोकाला आपटून माघारी येतो आणि सगळा गोंधळ होतो. ते टोपण शोधण्यात दुपार गेली. शेवटी ते शिवणाच्या डब्यात सापडलं. तिथं ते कुणी ठेवलं यावरून नवराबायकोचं वाजलं ते वेगळंच.

डिस्क कण्हत फिरली. तिच्यावरचं सगळं बशीरनं एका नव्या कार्डावर उतरवलं. हे कार्ड जुन्या डिस्कचं सोंग घेतं आणि सॅम्पलरला ते खरं वाटतं. नव्या कुठल्या यंत्रावर ते वाजवलं असतं तर वाटेत 'निर्मळ' बसलेलंच होतं, म्हणून सॅम्पलरला थेट एक जुना ॲम्प्लिफायर आणि जुनाच कर्णा लावला. जिनदत्तनं पट्टी दाबली.

चिमणीसारखा चिवचिवाट झाला.

"बिघडलं," बशीर म्हणाला.

"नाही रे," जिनदत्त म्हणाला. "मेमरी पुरायची नाही. मग आम्ही टेप पळवून आवाज भरायचो, म्हणजे थोड्या जागेत मावायचा. वाजवताना खालच्या पट्टीवर वाजवायचा, की जागेवर येतो."

"टेप किती पळवायचास?"

"बटण अंदाजानं फिरवायचं. कोण लिहून ठेवतंय?"

तो एकेक पट्टी खाली येत गेला. चिवचिवाटाची पोरगी झाली, पोरीची बाई झाली. काळी चार या पट्टीवर तो थबकला. 'आ'च्या आधी त्रिशला काहीतरी बोलली होती, तेही टेपवर आलं होतं. "झालं का तुमचं? मला भाकरी टाकायच्यात." गोड, नितळ, अगदी घरातल्या डब्यासारखं. जिनदत्तला हुंदका आला. "हीच. बघ बशीर, हीच ती. राजमतीला काय कळतंय?"

बशीर खाली बघून मांडीवर बोटानं ठेका धरत होता.

"मागं काय वाजतंय रे?" त्यानं विचारलं.

"आमच्या भिंतीला लागून यंत्रमाग होते की. दिवसभर खटक-खटक. तेच आलं असेल."

"या वेगानं माग चालला असता तर धोटा भिंत फोडून तुझ्या भाकरीत पडला असता."

जिनदत्तनं पुन्हा ऐकलं. त्या तालावर तो जन्मला होता, झोपला होता, जेवला होता. विजेच्या मोटरीवर चालणारे ते माग, रोज त्याच वेगानं. माग गेले, शेड पाडल्या, पण अंगातला ताल कुठं जातो? हा ताल पळत होता. तो एकेक करत चार पट्ट्या खाली आला. पांढरी तीनवर माग बरोबर चालायला लागले. बशीरनं मान हलवली.

"झालं का तुमचं? मला भाकरी टाकायच्यात."

जाड, घोगरा, थोडा वैतागलेला आवाज. जिनदत्त बघतच राहिला. ही बाई त्याला ओळखू येईना.

मग त्याला आठवलं. डबा बसवला तेव्हा सुरुवातीला तो सारखा विचारायचा, आवाज असा बरा की असा? आणि जिनदत्त दर वेळी जरा गोड वाटेल त्यावर बोट ठेवायचा. एवढंच केलं होतं त्यानं. बायको गेलेल्या माणसानं दुसरं काय केलं असतं? आणि तरीही, दिवसामागून दिवस ज्या बाईशी बोलून त्यानं एकटेपण घालवलं ती त्रिशला नव्हती. खरी त्रिशला गेल्यापासून तो एकटाच होता आणि ते त्याला आत्ता कळत होतं. त्याला भयंकर एकटं वाटलं.

त्यानं राजमतीला फोन लावला. "तुझं खरं होतं. ऐक, तुझ्या ताईचा खरा आवाज ऐक," म्हणत फोन कर्ण्यापाशी धरला आणि पांढरी तीन दाबली.

पलीकडून राजमतीचा सुस्कारा आला. "दाजी, पुन्हा तेच काय ऐकवताय? तीच की ती गोडबोली."

जिनदत्तला क्षणभर उमगलं नाही. मग ध्यानात आलं. त्रिशलाचा म्हणून डब्यात निवडलेला आवाजच फोनातल्या 'निर्मळ'लाही ठाऊक होता; त्यानं वाटेतच तिचा घोगरेपणा पुसला होता, माग बंद पाडले होते आणि डब्यातली बाई हुबळीला पोचवली होती.

"फोनवर नाही येत ती," तो म्हणाला. "इथंच ऐकू येते. बशीरच्या घरात."

राजमतीचे गुडघे गेले होते, लग्नासाठी कसाबसा केलेला प्रवास तिला पुन्हा जमणार नव्हता. तिचा आवाज हळू झाला.

"मला नाही तर नाही. पण तुम्ही तर समोर बसून ऐकलीत ना? दाजी, तुम्ही तरी ओळखलीत ना ताईला?"