वर टांगलेला भोंगा

पॅटिओचा दिवा घालव रे यश. आतला राहू दे, नाहीतर ही अदिती पळून जाईल. हां, आता बरं. फराळाची ताटं राहू देत तिथेच, सकाळी बघू.

भुताची गोष्ट पाहिजे ना तुम्हाला? हडळ, मुंजा असलं माझ्याकडे काही नाही. दोन वर्षांपूर्वी घडलेली एक हकिकत आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो माणूस इथून चार सिग्नल पलीकडे राहतो, आणि तो थापाड्या नाही. म्हणजे... एकाच बाबतीत होता. ते कळेल.

शशिकांत पाटणकर. माझ्याबरोबर फॅबमध्ये होता, चिप बनतात त्या कारखान्यात. मूळचा कराडचा. २००२ साली इथे चँडलरला आला. अंडंसुद्धा न खाणारा माणूस, आणि दर महिन्याला शिकारीला जायचा. हसू नकोस, खरं सांगतोय. आमच्या शिफ्टला वॉल्ट नावाचा म्हातारा टेक्निशियन होता. त्याच्या मेव्हण्याच्या रँचवर कायोटी वासरं मारायचे. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोरला भाऊ समजा. वॉल्ट त्यांच्या मागावर जायचा आणि शशी त्याचा भोंगा उचलायला. बंदुकीला त्यानं कधी बोट लावलं नाही. वाळवंटात गप्प बसायला मिळतं म्हणून जातो, म्हणायचा.

भोंगा म्हणजे इलेक्ट्रॉनिक कॉलर. डब्यासारखं यंत्र, पुढे कर्णा, हातात रिमोट. त्यात आवाज भरलेले. जखमी सशाचा, पाडसाचा, कावळ्यांचा. आवाज ऐकून कायोटी येतो, सोपं भक्ष्य मिळेल म्हणून. आणि वॉल्टचा एक नियम होता, भोंगा जमिनीवर ठेवायचा नाही. जमिनीवरचा आवाज झुडपातच मरतो. झाडाला वर टांगला की लांब जातो. शिवाय जनावर येतं ते वर बघत येतं, खाली बसलेल्या माणसाकडे त्याचं लक्ष जात नाही. शशीनं हे मला किमान दहा वेळा समजावलं होतं. मला काय करायचं होतं त्याचं? पण मी ऐकून घ्यायचो, कारण तो एरवी फारसा बोलायचाच नाही.

त्याची आई कराडला एकटी. सुमित्राबाई. बहीण शुभा तिथून दोन गल्ल्यांवर दिलेली, ती बघायची. दर रविवारी शशीचा फोन, आणि दर रविवारी आईचा एकच प्रश्न, "कधी येतोस?" हा म्हणायचा, "दिवाळीला." चार दिवाळ्या म्हणाला. एकदा तर तिकीट काढून कॅन्सल केलं. व्हिसाचा स्टँप संपलेला, ग्रीन कार्डाची फाइल अर्ध्यावर, वकील म्हणायचा गेलात तर परत यायची गॅरंटी नाही. तुम्हाला हे नवीन नाही. पण आई दरवर्षी वसुबारसेपासून अर्धा लिटर दूध जास्त घ्यायची. शशी येणार, त्याला चहा दाट लागतो, म्हणून. शुभा ते फोनवर हसत हसत सांगायची, आणि हा इकडे ब्रेकरूममध्ये भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

२००६ची दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी आई गेली. झोपेतच.

हा गेला नाही. जाऊ शकला नाही म्हणा. काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शनिवार, चार नोव्हेंबर. दुपारी तीनला शशी माझ्या दारात. दाढी वाढलेली. म्हणाला, "काका, तुमची स्लीपिंग बॅग द्याल का? वॉल्टबरोबर जातोय, रात्री तिथेच राहणार, पहाटे बसायचंय."

मी खवळलो. "अरे, सुतक चालू आहे. उद्या आईचा दहावा, आणि तू शिकारीला? अक्कल गहाण टाकलीस की काय?"

तो म्हणाला, "घरात बसलं की फोनकडे बघत बसतो, काका. रत्ना पण घाबरलीय माझ्याकडे बघून. तीच म्हणाली, जाऊन या." रत्ना म्हणजे त्याची बायको.

मी बॅग दिली. पण बोललो ते बोललो. नको होतं बोलायला.

आता नीट ऐका. यापुढचं मी शशीच्या तोंडून ऐकलंय, एकदाच. पुन्हा विचारलं तर तो विषय बदलतो.

संध्याकाळी ते दोघं रँचच्या मागे एका कोरड्या ओढ्याच्या काठाला बसले. वॉल्टनं भोंगा एका पालो व्हर्डेच्या झाडावर टांगला, हात वर केला की पोचेल एवढ्या उंचीवर. तासभर सशाचा आवाज लावला. काही आलं नाही. अंधार झाला तसा वॉल्ट म्हणाला, राहू दे तिथेच, पहाटे इथेच बसू. दोघांनी डब्यातला राजमा आणि ब्रेड खाल्ला, आणि आठ वाजता म्हातारा ट्रकमध्ये घोरायला लागला.

शशी जागाच. आभाळात चंद्र जवळजवळ पूर्ण. कराडला तेव्हा त्रिपुरी पौर्णिमेची सकाळ झालेली. पावणेदहाला तो शेजारच्या टेकाडावर चढला, कारण तिथेच सिग्नल मिळत होता, आणि शुभाला फोन लावला. ती घाटावर होती. तिकडे सव्वादहा.

शुभाचा आवाज बसलेला. "दादा, नऊपासून बसलोय रे. कावळा शिवत नाही."

पिंड मांडलेला. समोरच्या भिंतीवर अकरा कावळे, तिनं मोजलेले. एकही खाली उतरेना. शुभानं सांगितलं, आई, तुझी तुळस मी सांभाळीन. तिच्या नवऱ्यानं सांगितलं, घर विकणार नाही. मग चुलते पुढे झाले आणि म्हणाले, "वहिनी, शशी येईल. नक्की येईल." तर होते ते कावळे भिंतीवरून उडून लांब पिंपळावर जाऊन बसले.

"गुरुजी म्हणतायत दर्भाचा कावळा करून शिववू," शुभा म्हणाली. "मला नाही करायचं तसं. तिचा जीव तुझ्यात अडकलाय, दादा. तू सांग. मी फोन पिंडाजवळ धरते."

आणि शशी काय म्हणाला असेल?

हो, अदिती. बरोबर.

तो म्हणाला, "आई, मी येतो. डिसेंबरमध्ये येतो."

पलीकडून बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग शुभा रडायला लागली. पिंपळही रिकामा झाला होता. तेवढ्यात फोन तुटला आणि पुन्हा लागेना.

आता त्यानं जे केलं त्याला शहाणपणा म्हणायचा नाही. तो इंजिनियर माणूस, त्याला कराड किती लांब आहे ते ठाऊक होतं. तरी तो टेकाडावरून उतरला आणि झाडाशी गेला. एक मोठा दगड लोटत आणला, त्यावर चढला आणि भोंगा काढून आणखी वरच्या फांदीला टांगला. मग दगडावरून उतरला, वीस पावलांवर जाऊन बसला, आणि रिमोटवर कावळ्याचा आवाज लावला.

मी विचारलं, "कशासाठी रे?"

म्हणाला, "काका, मला वाटलं, एवढा उंच टांगलाय... पोचेल."

पाणी दे.

तर... काव, काव. रात्री साडेदहाला, वाळवंटात. कावळा कुठून येणार? पाच मिनिटं झाली. दहा झाली. मग ओढ्यातून एक कायोटी वर आला. त्याच्या मागे दुसरा. मग आणखी काही. शशी सांगतो, एकूण सात होते. एरवी ते वाऱ्याचा वास घेत, गोल फिरत येतात. हे सरळ आले. झाडाखाली अर्धवर्तुळ करून बसले, राखणीला बसल्यासारखे. आणि वर बघायला लागले.

शशीनं रिमोटचं बटण दाबलं. आवाज थांबला.

ते वरच बघत होते.

भोंग्याचा दिवा विझलेला. वारा नाही. ट्रकमधलं घोरणंही ऐकू येईना.

मग सातही माना एकदम हलल्या. हळूहळू... खाली. फांदीवरून बुंध्याकडे. बुंध्यावरून जमिनीकडे. झाडावरून कोणीतरी उतरतंय आणि ते बघतायत, तसं.

शशीला काही दिसत नव्हतं. चांदणं स्वच्छ. वाळू मोकळी.

माना वळल्या. त्याच्या दिशेनं.

मधला कायोटी उठला आणि बाजूला झाला. वाट दिली त्यानं. कोणाला?

माना वळत होत्या. एक पाऊल... थांबल्या. एक पाऊल... थांबल्या. गुडघे दुखणारं माणूस चालतं तसं. त्यांची नजर फार उंच नव्हती. ठेंगण्या बाईच्या खांद्याएवढी.

दहा पावलं.

पाच.

हाताच्या अंतरावर सगळं थांबलं. सातही जनावरं शशीच्या तोंडासमोरच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

आणि वरून... बंद भोंग्यातून...

"आलास का?"

...

नाही यश, टेप नव्हती. तिचा आवाज त्यानं कधी रेकॉर्डच केला नव्हता. त्याचीच तर त्याला खंत होती.

रोज दार वाजलं की ती आतून असंच विचारायची. शाळेतून आला तरी. कॉलेजातून आला तरी. "आलास का?" आणि हा म्हणायचा, "आलो."

आता ओठावर तोच शब्द आला होता. तो सांगतो, तो शब्द उच्चारला असता तर बरं झालं असतं की वाईट, ते देव जाणे. पण ती इतकी लांब आली होती. गुडघे दुखत असताना आली होती. एकदा "आलो" म्हटलं असतं तर तिथेच थांबली असती. पुन्हा वाट बघत.

"नाही, आई," तो म्हणाला.

...

"मी आलो नाही. येणार पण नाही. मला माहीत होतं गं. दर वेळी माहीत होतं. येतो म्हटलं की तुझा आवाज बदलायचा... म्हणून म्हणायचो."

...

"दूध जास्त घेऊ नकोस आता. वाट बघू नकोस. जा."

किती वेळ गेला त्याला सांगता येत नाही. तो गुडघ्यांत तोंड घालून रडत होता, बायकापोरांसमोर रडत नाही माणूस तसा. मग कपाळाशी काहीतरी गार लागलं. हात ठेवावा एवढा वेळ. त्यानं वर पाहिलं तेव्हा कायोटी आभाळाकडे बघत होते. पूर्वेला. बघता बघता त्यांच्या माना उंच उंच होत गेल्या, मग एकेक उठला आणि ओढ्यात उतरून गेला. एकानंही हूं केलं नाही.

तो टेकाडावर धावला. दहा बावन्न झाले होते. पहिल्याच रिंगला शुभानं उचललं.

"दादा! शिवला! आत्ता शिवला रे. एकच आला, कुठून आला कुणाला दिसलं नाही. सरळ उतरला. आम्ही कोणी काही बोललो पण नव्हतो. दादा... तू काही बोललास का?"

"नाही," शशी म्हणाला.

ती त्याची शेवटची थाप.

काय गं, अदिती? मग तो गेला का नंतर? नाही. ग्रीन कार्ड आलं, तिकिटाला आता काही अडचण नाही. विचारलं तर म्हणतो, "आता कुणासाठी, काका?" शुभा बोलावते. जाईल कदाचित. तो आता तारीख मात्र कोणालाच देत नाही.

एवढंच नाही, थांबा. एक राहिलं.

पहाटे वॉल्ट उठला आणि भोंगा शोधायला लागला. वरच्या फांदीवर बघून शशीवर ओरडला, एवढ्या वर कोणी टांगला? दगडावर चढून त्यानं तो काढला, कर्ण्यात डोकावला आणि म्हणाला, "याला कोणी खायला घातलंय का?" त्यानं चाकूच्या टोकानं आतून काहीतरी खरवडून शशीच्या हातावर ठेवलं.

शशी तिथून थेट माझ्याकडे आला. रविवारी, सकाळचे अकरा वाजत होते. त्यानं खिशातला रुमाल काढला आणि या टेबलावर, इथे, उघडला.

भाताची पाच-सहा शितं. एकाला काळा तीळ चिकटलेला.

मी बोट लावून पाहिलं. इथल्या कोरड्या हवेत ओला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. भात ओला होता.