आरशात दिसत राहा

नोलन गिड्री आमच्या पार्कात शिरला आणि पाच मिनिटांत त्याने पाण्याचा नळ आडवा केला. ट्रेलर मागे घेताना कड नळाच्या खांबाला लागली, खांब वाकला, आणि कारंजं उडालं ते थेट मिस विल्माच्या खुर्चीपर्यंत. मिस विल्मा जागची हलली नाही. फिरत्या घरांच्या या पार्कात संध्याकाळची करमणूक एकच – खुर्च्या टाकून बसायचं आणि नवा पाहुणा ट्रेलर मागे कसा घेतो ते बघायचं. मिस विल्मा त्यासाठी कागदी प्लेटा आणि जाड पेन घेऊन बसते आणि दहापैकी गुण देते. त्या दिवशी तिने प्लेटवर भला मोठा भोपळा काढून सगळ्यांना दाखवला.

मी ऑफिसातून पाना घेऊन धावले. मुख्य तोटी बंद करेपर्यंत मी नखशिखान्त भिजले होते, आणि हा बाबा पिकअपच्या खिडकीतून डोकं काढून माझ्याकडे बघत बसलेला.

"आरसा बघता येतो का तुम्हाला?" मी विचारलं.

"येतो ना. पण आरशात तुम्ही उभ्या..." तो म्हणाला. "मग खांब कसा दिसणार?"

बाजूच्या खुर्च्यांमधून एकच हशा पिकला. मला राग यायला हवा होता. आला नाही, हीच तर गंमत.

मी डेलिया प्रुइट. हे पार्क आम्हीच चालवतो, मी आणि माझे डॅडी. ॲबिलीनच्या पश्चिमेला, जिथे टेक्सासात वाऱ्याशिवाय काही पिकत नाही, तिथे. पवनचक्क्यांवर काम करणारी पोरं येतात, थंडीला कंटाळलेली उत्तरेकडची म्हातारी जोडपी येतात, फिरतीवरच्या नर्सेस येतात. दोन-चार महिने राहतात आणि जातात. आवारातल्या सगळ्या पाट्या मी रंगवलेल्या – कुत्री बांधून ठेवा, हळू चालवा, थांबा. आणि मागे उभं राहून लोकांची घरं जागेवर लावून द्यायचं कामही माझंच. मी स्वतः मात्र फाटकाबाहेर मुक्कामाला कधी गेले नाही. डॅडींच्या ट्रेलरच्या चाकांतून गवत उगवलंय, यावरून काय ते समजा.

तर त्या भिजलेल्या अवतारात मी नोलनला नियम सांगितला, सगळ्यांना सांगते तोच. "डावीकडच्या आरशात बघा. मी दिसतेय तोवर मागे या. दिसेनाशी झाले की असाल तिथे थांबायचं. मग आभाळ कोसळो."

"मॅडम, तुम्ही दिसेनाशा झालात तर मी थांबणारच," तो म्हणाला.

चौथ्या खेपेला ट्रेलर जागेवर लागला, तोही तिरका. ट्रेलरच्या पाठीवर काउबॉय टोपी घातलेला एक लालभडक झिंगा रंगवलेला होता. तो झिंगा पुढे कित्येक दिवस थेट माझ्या ऑफिसच्या खिडकीकडे तोंड करून बसला होता.

आठ नंबरच्या जागेला सांडपाण्याची नळी नाही. म्हणून दर शनिवारी नोलनला ट्रेलर ओढत खालच्या खड्ड्यापर्यंत न्यावा लागायचा आणि परत आणून लावावा लागायचा. आणि दर शनिवारी त्याला ते जमायचं नाही. कधी मेस्किटच्या झाडात घुसायचा, कधी शेजारच्या अंगणात. मी मागे उभी राहून हात हलवायची, उजवीकडे, अजून, अहो उजवीकडे म्हणजे तुमच्या उजवीकडे... आणि तो आरशातून माझ्याकडे असा बघायचा की माझाच हात चुकायचा. मिस विल्मा त्याला गुण वाढवून द्यायची ते केवळ आमची बोलणी ऐकायला मिळतात म्हणून.

"रोज तीनशे फूट उंच पवनचक्कीवर चढता आणि एक डबा मागे घेता येत नाही?" मी एकदा चिडवलं.

"वरती आरसा नसतो, मॅडम. म्हणून जमतं."

मला दिवसभर ते आठवून हसू येत होतं. डॅडींनी दोनदा विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं काही नाही. म्हणजे सगळंच होतं.

तो लुईझियानाचा. त्याचा स्वयंपाक म्हणजे न्हाणीचं पाणी तापवावं एवढं पातेलं. त्यात झिंगे, मक्याची कणसं, बटाटे, तिखटाचा धूर. शिजलं की लांब टेबलावर कागद अंथरून सगळं ओतायचा आणि म्हणायचा, बसा. त्याच्याआधी आमच्याकडे लोक एकमेकांना हात हलवून आत जायचे. तो आल्यापासून सगळे एका टेबलाला बोटं चाटत बसायला लागले. एका मिनेसोटावाल्या आजोबांनी दोन महिने शेजाऱ्याशी अबोला धरला होता, तो झिंग्यांच्या साली काढता काढता सुटला. नोलन सगळ्यांचा झाला होता. आणि उठताना लिंबाची फोड मात्र माझ्याच हातावर ठेवायचा, बोटांचा वास जावा म्हणून. त्याच्या बोटांचा स्पर्श अर्धा क्षण... तेवढाच. पण तेवढ्यासाठी मी मुद्दाम हात धुवायची नाही.

मे महिन्यात एका दुपारी आभाळ हिरवट झालं. आमच्याकडे आभाळाला तसा रंग आला की लोक बोलायचं थांबवतात. आधी लिंबाएवढ्या गारा पडल्या. मग रेडिओवर सांगितलं की वरच्या अंगाला पाऊस कोसळतोय आणि ओढ्याला पूर येणार. ओढ्याकाठच्या रांगेतल्या बाकीच्यांनी ट्रेलर वर आणले, राहिला तो डॅडींचा. अकरा वर्षांत न हललेला. डॅडींचे गुडघे असे की त्यांना पायऱ्या उतरायलाच वेळ लागतो. मी त्यांना ऑफिसात आणून बसवलं, पण ट्रेलरचं काय? आईचे पडदे, आईची शिवणाची पेटी, सगळं त्यात.

नोलन कामावरून धावत आला. त्याने स्वतःचा ट्रेलर होता तिथेच सोडला आणि पिकअप डॅडींच्या ट्रेलरला जोडला. मी ओरडून सांगत होते की चाकं फुटतील, वर जागा नाही. एकच जागा होती, ऑफिसची भिंत आणि गॅसची टाकी यांच्यामध्ये, आणि तिथे मी स्वतः कुणाला लावू दिलं नसतं. मी मागे जाऊन उभी राहायच्या आत त्याने तो कुजका डबा चढावरून उलटा आणला आणि दोन्हीकडे वीतभर जागा सोडून एका दमात आत घातला. सरळ रेषेत. एक टायर तेवढा फुटला.

मी पावसात तशीच उभी. माझा हातही वर गेला नव्हता.

ओढ्याचं पाणी रांगेवरून वाहून गेलं, पण माणसं आणि घरं वाचली. डॅडी खिडकीतून सगळं बघत होते. त्यांनी टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला आणि म्हणाले, "पोरगा खोटं बोलला तुझ्याशी. त्याला मागे घेता येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं."

मी तडक आठ नंबरला गेले. तो पायरीवर बसून बूट पिळत होता. मी काही विचारायच्या आत त्याचे कान लाल झाले.

"सतरा वर्षांचा असल्यापासून काकाचा ट्रक चालवतो," तो म्हणाला. "मागे घेता येतं मला."

"मग दर शनिवारी...?"

"तू मागे उभी राहायचीस ना..."

एवढंच. एवढ्यावर मी त्या ओल्या पायरीवर त्याच्या शेजारी बसले. इतक्या लोकांना मी जागेवर लावून दिलं होतं, पण माझ्यासाठी कुणी येड्यासारखं मेस्किटमध्ये घुसलं नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मला आयुष्यात एवढं सुख झालं नव्हतं. आजही हे लिहिताना ते खोटं म्हणवत नाही.

त्याचं इथलं काम संपत आलं होतं. पुढचं आयोवात. त्याने विचारलं, येशील? मी आठवडाभर डॅडींना सांगायचं टाळलं, पण त्यांना कळलंच. ते म्हणाले की माझे गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे, विल्मा ऑफिसात बसेल, तू जा. आणि तू गेली नाहीस तर आयुष्यभर माझ्या गुडघ्यांना बोल लावशील. मी रडले. मग बॅग भरली. शेजाऱ्यांनी प्रत्येकी एक पदार्थ आणून मला निरोपाचं जेवण द्यायचं ठरवलं. मिस विल्माने तर केक सांगितला.

जेवणाच्या आदल्या दिवशी कोरीन आली. फिरतीवरची नर्स, तिशीतली, हसतमुख. एकटीच आली आणि ट्रेलर असा सफाईदार लावला की मिस विल्माने दहाची प्लेट काढली, जी ती वर्षातून एकदा काढते. मी तिला नळ, वीज, कचऱ्याची जागा दाखवत होते. चालता चालता ती आठ नंबरपाशी थांबली आणि झिंग्याकडे बोट दाखवून हसत सुटली.

"हा अजून फिरतोय होय? आला का याला ट्रेलर मागे घेता?"

मी विचारलं, ओळखतेस?

"अमॅरिलोला शेजारी होता माझा. काय सांगू, काडीचं जमत नव्हतं. दर आठवड्याला मला मागे उभं राहावं लागायचं. आणि वर काय म्हणायचा, आरशात तुम्ही उभ्या, मग खांब कसा दिसणार?" तिने त्याच्या आवाजाची नक्कलसुद्धा केली. "गोड होता हं पण. झिंगे छान करायचा."

मी म्हटलं, हो, छान करतो. कचऱ्याची गाडी मंगळवारी येते असंही सांगितलं. 

नोलन संध्याकाळी आला तेव्हा मी त्याच्याच पायरीवर बसले होते. कोरीनचं नाव घेतलं. त्याचे कान लाल झाले नाहीत या वेळी, चेहरा उतरला.

"तिच्या-माझ्यात तसं काही नव्हतं, डेलिया. शपथ."

"मला माहितीये. तिच्या बोलण्यावरूनच कळलं. मी त्या आरशाच्या वाक्याबद्दल विचारतेय."

तो माझ्यासमोर जमिनीवर बसला. मग बोलला ते खरं बोलला, म्हणून तर मला ते विसरता येत नाही.

"दर तीन महिन्यांनी नवं गाव. ओळखीचं कुत्रं नसतं. ट्रेलर नीट लावला की लोक बघतात आणि आत जातात. चुकला की खुर्ची सोडून उठतात... हसतात, शिव्या देतात, मदतीला येतात. संध्याकाळपर्यंत शेजारी होतात. मी असेच शेजारी करतो. दुसरं जमत नाही मला."

"आणि मी?"

"आधी तसंच होतं. मग नव्हतं."

"मग म्हणजे कधी?"

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मी वाट बघत होते. लिंबाची फोड, गारा, एखादा शनिवार... त्याने काहीही म्हटलं असतं तरी मी ते धरून आयोवापर्यंत गेले असते. पण खांबाबद्दल एवढं सहज खोटं बोलणाऱ्या माणसाला त्या क्षणी एक खोटं सुचलं नाही. की खरंच आठवत नव्हतं? की असा दिवसच नव्हता? मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

"मला येता येणार नाही," मी म्हटलं. "प्रत्येक नव्या फाटकातून शिरताना मी तुझ्या शेजारी बसायचं, आणि तू नळ पाडलास की मागे कोण धावत येतंय ते बघायचं. मला ते सोसणार नाही."

"मी पुन्हा नाही करणार."

"मग शेजारी कसे करशील?"

यावर तो हसला नाही, मीही नाही. बॅग मी तशीच भरलेली ठेवली, उघडायचं धैर्य नव्हतं. जेवण रद्द झालं. केक आला तो मिस विल्माने माझं नाव खरवडून काढून सगळ्यांना वाटला.

दोन दिवसांनी सकाळी तो निघाला. आमच्यात कुणी निरोप घेत नाही, 'भेटू रस्त्यात कुठेतरी' म्हणतात. मिनेसोटावाल्या आजोबांना तो तेच म्हणाला, डॅडींना तेच म्हणाला, कोरीनलाही. माझ्यापाशी आला, टोपी काढली, बराच वेळ हातात फिरवली.

"भेटू रस्त्यात कुठेतरी, मॅडम."

मी मान हलवली. बोलले असते तर थांब म्हटलं असतं.

आत यायला मागे कुणीतरी उभं लागतं. जायला कुणी लागत नाही, समोर बघायचं आणि निघायचं. तरी मी जाऊन उभी राहिले, सवयीच्या जागी, त्याच्या डाव्या आरशात दिसेन अशी. पिकअप सुरू झाला. आरशात त्याचे डोळे दिसले, थेट माझ्यावर. टोपीवाला झिंगा हळूहळू लांब जायला लागला. त्याने नजर काढली नाही, मीही नाही.

आणि मग मी दोन पावलं बाजूला सरकले. मुद्दाम. आरशाबाहेर.

दिसेनाशी झाले की थांबायचं, मग आभाळ कोसळो. नियम त्याला पाठ होता.  ट्रेलर फाटकाशी पोचला... आणि मागचे लाल दिवे लागले. तो थांबला. खरंच थांबला. मी धावायला लागले होते, खोटं कशाला सांगू, चपला मागे टाकून धावायला लागले होते.

मग उजवीकडचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागला. हमरस्त्यावरून एक मालट्रक गेला. तो जाऊ देऊन नोलन उजवीकडे वळला आणि दिसेनासा झाला.

फाटकाशी थांबा म्हणून पाटी आहे. मीच रंगवलेली.