वारापिशवीची दोरी

नवी वारापिशवी काखेत मारून सत्यभामा पनागर गावाच्या कडेला असलेल्या धावपट्टीवर गेली, तेव्हा चांगलं ऊन होतं. वारापिशवी म्हणजे उंच खांबावरची लाल कापडाची लांब नळी. वारा भरला की फुगते. लहान विमानात तेव्हा रेडिओ नसायचा. पिशवी पाहूनच वैमानिक उतरायची बाजू ठरवायचा. शिवायचं काम सत्यभामेचं, चढवायचं तिच्या नवऱ्याचं, देवीदासचं.

मागच्या हिवाळ्यात माणसांनी भरलेलं मोठं विमान उतरत होतं, अन् समोरून शिकाऊ वैमानिकाचं लहान विमान आलं. टक्कर थोडक्यात चुकली. सत्यभामेचा सख्खा भाऊ भाऊराव तिथंच कामाला. तो साहेबांसमोर बोलला, “फाटू नये म्हणून देवीदासनं पिशवी दोरीनं खांबाला उलट्या बाजूला बांधून ठेवली होती.”

देवीदासनं घरी येऊन लेकीच्या, शकुच्या, डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, मी नाही बांधली. पोटच्या पोरीची खोटी शपथ कोणी घेतं का? सत्यभामेनं भावाशी नातं तोडलं. नोकरी गेली, देवीदास खंगून मेला, तरी ती नळावर भांडायची, माझा माणूस खोटा नाही म्हणून.

“बाई, चहा घेतं का?” भाऊरावनं विचारलं.

“तुह्या हातचा? त्यापेक्षा जहर दे.”

“त्यानंच बांधली होती बाई. मी डोळ्यानं पाह्यलं.”

“त्यानं पोरीची शपथ घेतली. तू कोणाची घेतली?”

भाऊरावनं पिशवी चढवली अन् धावपट्टीच्या पार टोकाला गाई हाकलायला गेला.

सत्यभामा खांबाखाली एकटी. पिशवी फुगली. मग हळूहळू... करकरत... उलटी फिरली. गवत मात्र आधीसारखंच झुकलेलं. ग्रीस अन् तंबाखूचा वास आला. पिशवीची लोंबती लाल सुताची दोरी आपोआप खांबाला वेढे घालू लागली. सावकाश, सवयीच्या हातानं घालावे तसे.

“शकुचे बाबा...”

दोरी आवळली. तिच्या कानाशी कोणीतरी नाकातून श्वास सोडला. चोरी पकडली गेली की देवीदास सोडायचा, तसा.

“म्हणजे तुम्हीच... पोरीच्या डोक्यावर हात ठेवून...”

वर मोठ्या विमानाची घरघर, अन् पलीकडून लहान विमानाचा बारीक आवाज. सत्यभामेनं दोरी धरली. पलीकडून कोणीतरी ओढत होतं. ती मुडद्याला शिव्या देत, दातांनी गाठ सोडत राहिली. गाठ सुटली. पिशवी सरळ झाली. समोरून खाली आलेलं लहान विमान एकदम वळलं, अन् त्याच्या शेपटीवरून मोठ्याचं पोट गेलं.

भाऊराव धापा टाकत आला. “वाचले, बाई. पण पोरीला काहून आणलं? दोघी दोरी ओढून राहिल्या होत्या... तू इकडून, शकु तिकडून.”

“शकु घरी आहे, भाऊ. तापानं पडली आहे.”



सत्यभामा घरी पळाली. शकु पांघरुणात होती. पाणी दिलं तर हात बाहेर काढेना. आईनं ओढून काढले. दोन्ही तळहात सोलले होते, मांसात सुताचे लाल धागे रुतलेले.

“हे काय गं?”

“बाबा म्हणाले, आईले सांगू नको.”

“अजून काय म्हणाले?”

शकुनं भिंतीकडं तोंड केलं अन् नाकातून श्वास सोडला.