वरचं पान

स्वतःच्याच घरातून बाहेर काढलं जाण्याची वेळ माणसावर क्वचित येते. तिच्यावर ती एका शनिवारी सकाळी अकराला आली, आणि काढणारा इतक्या अदबीनं बोलत होता की भांडायलाही जागा नव्हती.

"माफ करा, पण... तुम्ही जरा जिन्यात थांबाल का?" हातात फॉर्मची चळत घेतलेला तो उंच तरुण म्हणाला. "मावशींशी एकट्यानं बोलायचंय. पगाराचे प्रश्न आहेत."

"मी भाची आहे त्यांची."

"म्हणून तर."

मावशी कपड्यांच्या कारखान्यात काज करायच्या मशीनवर बसायची. आई गेल्यापासून भाचीला तिनंच वाढवलं होतं. तिनं हसू गिळलं आणि डोळ्यांनीच भाचीला दार दाखवलं.

ती जिन्यात जाऊन बसली. वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीचे थेंब मानेवर पडत होते, आतून मावशीच्या हसण्याचा खळखळाट ऐकू येत होता. खरं तर राग यायला हवा होता. पण उत्तर देणारा माणूस खोलीत एकटाच हवा, हा नियम तिनंच तर लिहिला होता.

कारखान्यातल्या बायकांच्या हातात प्रत्यक्षात किती पगार पडतो, याचा अभ्यास तिची संस्था करत होती. सर्वेक्षक घरोघर जाऊन फॉर्म भरून आणत. वरच्या पानावर नाव, पत्ता, फोन. आतल्या पानांवर नुसता क्रमांक. फॉर्म आला की ती वरचं पान वेगळं काढायची आणि लोखंडी कपाटात कुलूपबंद करायची. ऑफिसात तिचं नावच किल्लीबाई पडलं होतं.

या तरुणाला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण हातातल्या फॉर्मवरचं अक्षर तिनं दारातच ओळखलं. शेऱ्याच्या रकान्यात हा माणूस कादंबरी लिहायचा. 'दारात निळी सायकल. सून अबोल, पण डोळे बोलके.' अशानं घर ओळखू येतं, म्हणून ती प्रत्येक वाक्य काळ्या शाईनं बुजवायची. मनातल्या मनात तिनं त्याला शेरेबहाद्दर म्हणून टाकलं होतं.

तो बाहेर आला तेव्हा ती म्हणाली, "निळ्या सायकली मोजायचे वेगळे पैसे मिळतात का हो?"

तो दोन पायऱ्या खाली उतरून थबकला. "म्हणजे... काळी शाई तुमची? मला वाटायचं, कोणी तरी साठीचे मिशाळ गृहस्थ असतील."

"मिशा काढल्या. उकडतं फार."

तो हसला. उतरताना त्यानं मागं वळून पाहिलं, आणि शेवटची पायरी चुकता चुकता वाचला.

सोमवारी फॉर्म आले. स्वतःच्या घराचा फॉर्म तिनं न बघता शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे दिला, कारण तोही नियम होता. बाई म्हणाल्या, "नवलच. या पठ्ठ्यानं पहिल्यांदाच शेरा कोरा ठेवलाय." त्या दिवशी तिनं एकाच यादीची बेरीज तीनदा चुकवली.

घरी मावशी रोज विचारायची, "आला का गं फोन त्या मुलाचा? नंबर दिलाय मी, तुझाच."

"मावशी, तो नंबर अभ्यासासाठी होता."

"मग करू दे की अभ्यास."

फोन आला असता तर तिनं त्याची तक्रारच केली असती. आणि येत नव्हता म्हणून तिला घास गोड लागत नव्हता. प्रेमात माणूस असा दोन्हीकडून बोलतो.

पुढच्या मंगळवारी संकट आलं. या अभ्यासाचा खर्च कारखानदारांची संघटना करत होती. संघटनेच्या चिटणीसांनी कळवलं: बोललेल्या सगळ्या बायकांना भेटवस्तू द्यायच्यात, गुरुवारी तीन वाजता नावांची यादी न्यायला येतो.

तिनं घरी हे सांगितलं, आणि असली भेट काय असते, ते मावशीला बरोबर कळलं. तिच्या हातातला पेला तसाच राहिला. "मी सगळं सांगितलं गं त्याला. रोजचे दोन तास फुकट राबवून घेतात, तेसुद्धा. नाव कुठं जाणार नाही म्हणाला होता. माझं मशीन जाईल गं..."

"नाही जाणार," ती म्हणाली.

बुधवारी सकाळीच तिनं संचालकबाईंना गाठलं. बाई मऊ स्वभावाच्या, आणि कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे. "त्यांच्या तोंडावर नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही गं," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणूच नका. 'आमच्याकडे नाहीत' एवढंच म्हणा." तिनं घरोघर दिलेलं वचनपत्र पुढं ठेवलं. त्यात लिहिलं होतं: तपासणी संपताच वरचं पान नष्ट केलं जाईल. तपासणी म्हणजे ठरावीक घरांना फोन करून सर्वेक्षक खरंच आला होता ना, हे विचारायचं. एकसष्ट फोन उरले होते.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मग बसलीस काय? लाग कामाला. आणि मदतीला कोणाला तरी घे."

मदतीला शेरेबहाद्दर आला. आपले फॉर्म आपण तपासायचे नाहीत, म्हणून इतरांचे त्यानं घेतले आणि त्याचे तिच्या वाट्याला आले. दोन दिवस ती त्याच्यासमोर बसून त्याचंच कौतुक ऐकत होती. "तो होय? माझं गुडघ्याचं दुखणंसुद्धा विचारलं त्यानं." "गुणी पोरगा. लग्न झालंय का हो त्याचं?"

"ते आमच्या फॉर्ममध्ये नाही," ती लाल होऊन म्हणायची.

"काय म्हणाल्या?" तो पलीकडून विचारायचा.

"गोपनीय आहे."

गुरुवारी दुपारी दोनला शेवटचा फोन संपला. श्रेडर घरघरू लागलं. गठ्ठ्यामागून गठ्ठे पट्ट्या होऊन खाली पडत गेले. शेवटी एक पान उरलं, ते त्याच्या हातात होतं. त्यावर मावशीचं नाव होतं आणि खाली तिचा नंबर.

तो त्या पानाकडे बघत राहिला.

"इतके दिवस... फोन का नाही केलात?" तिनं विचारलं.

"हा नंबर मला दिलेला नव्हता. अभ्यासाला दिला होता." त्यानं मान वर केली. "वाईट वाटलं. रोज वाटलं." आणि आकड्यांकडे परत न बघता त्यानं ते पान यंत्रात सोडलं. नंबराच्या पट्ट्या होताना तिला कळून चुकलं की आपण या माणसाच्या पुरत्या प्रेमात आहोत.

तीनच्या ठोक्याला चिटणीस आले. संचालकबाईंनी स्वतःच्या किल्लीनं कपाट उघडून दाखवलं. कप्पे रिकामे होते.

"तपासणी झाली. वचनाप्रमाणे पानं नष्ट केली. संगणकावर फक्त क्रमांक आहेत."

"हे तुम्ही जाणूनबुजून केलंत," चिटणीसांचा आवाज चढला.

"हो," मऊ स्वभावाच्या बाई म्हणाल्या. "वचनही जाणूनबुजूनच दिलं होतं. निष्कर्ष पुढच्या महिन्यात छापतोय. दोन तासांच्या फुकट कामासकट."

चिटणीस दार आपटून गेले. मागच्या खोलीत टाळ्या पडल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तर डोळे पुसले.

संध्याकाळी ती निघाली तेव्हा तो फाटकापाशी उभा होता. "मला... एक फोन नंबर हवाय."

"कशासाठी?"

"बोलायला. आणि ऐकायला. काळ्या शाईसकट."

"आणखी कोणाला देणार?"

"कोणालाही नाही."

"किती दिवस ठेवणार?"

"तपासणी संपेपर्यंत. आणि मी काही ती संपवणार नाहीये."

तिनं त्याच्या खिशातलं पेन घेतलं आणि एकेक आकडा सावकाश लिहून दिला.

सातला घरी फोन वाजला. मावशीचा हात आधी पोचला, पण भाचीनं तो वरच्यावर पकडला.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "तू जरा जिन्यात थांबतेस का?"

कारखान्यातलं मशीन शाबूत असलेली मावशी डोळे मिचकावत उठली, जाताना दार घट्ट ओढून घेतलं, आणि त्याच ओल्या पायरीवर ऐटीत जाऊन बसली.